लाईन गेली की सीमा उघडी

हुकूम सोडायची हौस मला लहानपणापासून, पण घरात सगळ्यांत धाकटी असल्यामुळे ती कधी भागली नव्हती. ती भागली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, गोंदियाच्या एका सायबर कॅफेत. तिथे मी पोलीस दलात भरती झाले.

दल अर्थातच खोटं होतं. इंटरनेटवर एक खेळ होता आणि त्या खेळात कोणीतरी एक अख्खं शहर उभं केलं होतं. रस्ते, बँक, दवाखाना, नदी, सगळं. महाराष्ट्रभरची मंडळी संध्याकाळी आपापल्या कॉम्प्युटरवरून त्या शहरात शिरायची आणि कोणी टॅक्सीवाला, कोणी डॉक्टर, कोणी चोर, कोणी पोलीस होऊन राहायची. याला रोलप्ले म्हणायचे. धडाधड गोळ्या झाडायचा तो खेळ नव्हता. आपण काय करतो ते लिहायचं. ‘डिकी उघडतो.’ ‘टॉर्च मारतो.’ मग थांबायचं, कारण समोरचा त्यावर काय करतो ते तो लिहिणार. आपलं उत्तर आल्याशिवाय त्यानेही पळायचं नाही. पळाला तर शहरातूनच हकालपट्टी. बाकीचे नियम लोक धाब्यावर बसवायचे, पण हा एक मात्र कसोशीने पाळायचे, कारण तो मोडला की खेळच राहत नव्हता.

आमचा कॅफे स्टेशनजवळच्या एका गल्लीत होता. चपला बाहेर, आत प्लायवूडच्या खोपट्या, प्रत्येकीत एक कॉम्प्युटर आणि वर एकच पंखा, जो मालकाकडे तोंड करून फिरायचा. मालकाला आम्ही भैया म्हणायचो. मी दारात दिसले की ते ओरडायचे, “मैडम, आपका थाना खाली है, बैठ जाइए!” आणि परीक्षेचा फॉर्म भरायला आलेली पोरं दचकून माझ्याकडे बघायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझ्या सोबत दोघं होती. एक माझी मैत्रीण, डी.एड. करणारी, जी चोराला पकडलं की आधी त्याला सरळ उभं राहायला सांगायची. दुसरा एका मेडिकल दुकानात कामाला होता. त्याला आम्ही मेडिकलवालाच म्हणायचो. गाडी चालवायची त्याला भयंकर आवड, आणि चालवता मात्र येत नव्हती. पोलिसांची जीप तो दर दोन दिवसांनी नदीत घालायचा.

आमचे कमिशनर साहेब पुण्याकडचे कोणी होते. खऱ्या आयुष्यात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असावेत, पण लिहायचे असं की वाचताना आपण उठून उभं राहावं. ‘आपला अर्ज विचाराधीन आहे.’ मीही त्यांच्याशी अगदी पुस्तकी मराठीत लिहायचे, कारण गोंदियाचं कोणी आहे म्हटलं की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, ते कुठे आलं. आम्हा तिघांना त्यांनी वाहतूक शाखेत टाकलं होतं. चौकात उभं राहून शिट्टी मारायची. चार दिवसांत मी वैतागले.

त्या शहराच्या उत्तरेला नदी होती, नदीवर पूल, आणि पुलापलीकडे ओसाड माळ. शहर बनवणाऱ्याने पूल काढला आणि बहुतेक विसरून गेला. पण चोरटं सागवान विकणारी एक टोळी होती, ती रोज ट्रक भरून त्या पुलावरून बिनधास्त जायची. मला ते बघवेना. माझ्या काकूचं माहेर मध्य प्रदेशात बालाघाटचं, शेजारणीची लेक छत्तीसगडात राजनांदगावला दिलेली. लग्नाला जायचं तर वाटेत नाका लागणार, बस थांबणार, कोणीतरी चढून पिशव्यांकडे बघणार आणि बायका उगाच पदर सावरणार, हे मी जन्मापासून बघत आलेली. पूल आहे आणि नाका नाही, हे माझ्या डोक्यात बसेचना.

मी साहेबांना लिहिलं की सीमा गस्त विभाग काढायला हवा.

“सीमा कशाला?” त्यांचं उत्तर. “पलीकडे काहीच नाही.”

“पलीकडे काहीच नाही, तर मग रोज ट्रक कुठे जातात?” मी विचारलं.

यावर त्यांनी लिहिलं, “महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर. प्रमुख आपण.”

मी खोपटीतून अशी काही किंचाळले की भैयांना वाटलं शॉक बसला. ते मेन स्विचकडे धावले. मेडिकलवाल्याने तर आनंदाच्या भरात तेव्हाच्या तेव्हा जीप नदीत घातली.

पुढचा आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा गेला असं म्हटलं तर आई रागावेल, पण गेला. नाक्याला आडवा दांडा हवा होता. तो मिळाला नाही, म्हणून तेलाची दोन पिंपं आडवी टाकली. जीपचा रंग कोणता यावर मैत्रीण आणि मी कॉलेजच्या पोर्चमध्ये एवढ्या भांडलो की ग्रंथपाल बाहेर आल्या. पाटी कोणी लिहायची, शिट्टी किती वेळा मारायची, पावसात रेनकोट घालायचा की छत्री धरायची, हे सगळं ठरवायचं होतं. छत्रीवाला पोलीस चोराला कसा पकडणार, असं मैत्रीण म्हणाली. एका हाताने, असं मी म्हणाले. शेवटी मी प्रमुख असल्यामुळे छत्री ठरली, आणि मग कळलं की खेळात छत्रीच नाही.

माणसं कमी पडत होती. तेवढ्यात अर्जुनी मोरगावहून मावशीचा फोन आला.

“जय भीम बाई. तो बोलतच नाई वो,” मावशी म्हणाली. “दुकानातून येते, जेवते, भिंतीकडं तोंड करून झोपते. तू बोलून पाय त्याच्यासंगं.”

तो म्हणजे माझा मावसभाऊ, माझा दादा. वर्षानुवर्षं त्याने एकच गोष्ट मनाशी धरली होती, पोलीस व्हायचं. पहाटे तलावाच्या पाळीवरून धावायचा, गोळा फेकायचा, पुस्तकं पाठ करायचा. आणि दरवेळी भरतीच्या मैदानावर डोक्यावर पट्टी टेकली की खेळ खलास. उंची कमी. थोडीशीच कमी, पण पट्टीला थोडंसं कळत नाही. त्या वर्षी वयाची मर्यादाही उलटली. त्याने धावायचे बूट माळ्यावर टाकले, एका झेरॉक्स आणि फोटोच्या दुकानात काम धरलं आणि बोलणं सोडलं. मला फार राग आला होता. कोणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून तो माझ्याजवळच होता.

मी दादाला फोन लावला. त्याच्या दुकानात कॉम्प्युटर होता आणि त्याला लावायचं नेटचं डोंगल होतं. मी म्हटलं, आमच्या विभागात हवालदार पाहिजे.

“मले कायले चिडवतं वो?” तो म्हणाला.

“चिडवत नाही. भरती आहे. उंचीची अट नाही.”

त्याने फोन ठेवला. मला वाटलं, झालं, तोंडातून भलतंच निघालं. पण दोन दिवसांनी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, तो आला. म्हणजे पडद्यावर पुलाशी एक नवा खाकी माणूस उगवला, धडपडला, पिंपावर आपटला आणि आमच्याशेजारी येऊन उभा राहिला. दोनच मिनिटांत त्याचा फोन.

“सगळे सारखेच आहेत का वो?”

“काय सारखे?”

“उंचीनं.”

मी पडद्याकडे बघितलं. इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. वर्दी तीच, बूट तेच, फक्त चेहरे वेगळे निवडता यायचे. चौघांच्या टोप्या एका रेषेत होत्या.

“हो,” मी म्हणाले, “सगळे सारखेच.”

“बरं आहे,” दादा म्हणाला आणि फोन ठेवला. मी खोपटीत बसून थोडी रडले. भैयांनी पंखा माझ्याकडे वळवला.

आता दादाच्या ड्युटीबद्दल सांगायलाच हवं. एक तर त्याचं नेट बैलगाडीच्या चालीचं. त्यात तो एका बोटाने टाइप करायचा, आणि लिहायचा तो जसा बोलतो तसाच. पहिल्या दिवशी पहिली गाडी आली ती टॅक्सी. चालवणारा पुण्याचा कोणी पोरगा.

“थांब गा,” दादाने लिहिलं. मग मोठी शांतता. मग, “कोठं जाऊन रायला?”

“पलीकडे,” पोराने लिहिलं.

“पलीकडं तुया कोन आहे?”

पोरगा गोंधळला. “कोणी नाही.”

“मंग कायले जातं?”

आणि तो पोरगा खरंच गाडी वळवून परत गेला. आम्ही तिघं आपापल्या खोपटीत हसून हसून लोळायचे बाकी राहिलो. मैत्रिणीला उचकी लागली ती जाईना, भैयांना पाणी आणावं लागलं.

हळूहळू असं झालं की लोक मुद्दाम पुलावर येऊ लागले. पलीकडे काही नव्हतं, तरी येऊ लागले, कारण दादा विचारपूस करायचा. नाव काय, गाव कोणतं, जेवला का, घरी कोण कोण आहे. नाशिकच्या एका पोरीने लिहिलं की तिला आज दिवसभरात जेवलीस का असं फक्त या नाक्यावर विचारलं. दादाने ‘चहा देतो’ असं लिहिलं. तिने ‘चहा घेते’ असं लिहिलं. मागे रांग लागली. रांगेतले लोक आपसात बोलू लागले. आमच्या ओसाड पुलावर बाजार भरला, आणि फोनवर मावशी सांगू लागली की तो आता जेवताना बोलतो, कोणत्या ट्रकवाल्याची कशी फजिती झाली ते सांगतो, तिला काही समजत नाही पण ती हो हो म्हणते.

एक खोड मात्र होती. दादा एकटा ड्युटीवर यायचा नाही. आम्ही तिघं आलो की यायचा, आम्ही गेलो की जायचा. मी कधी विचारलं तर म्हणायचा, “एकट्यानं उभं रायलं की मले ते मैदान आठवते.” मग मी विषय सोडून द्यायचे.

आणि इथेच माशी शिंकली. आमच्याकडे तेव्हा रोज लोडशेडिंग होतं. गावात विजेचे वेगवेगळे फीडर, प्रत्येक फीडरची लाईन जायची वेळ ठरलेली. आमच्या गल्लीची लाईन ठरल्या वेळी जायची, कॅफेतले यूपीएस टूं टूं करून ओरडायचे, तेवढ्यात ज्याला जे वाचवायचं ते त्याने वाचवायचं, आणि अंधार. इन्व्हर्टर होता, पण भैया सांगायचे, “बैटरी बैठ गई है,” आणि ती आम्ही तिथे होतो तोवर उठली नाही. आम्ही गोंदियात राहणारी माणसं, आम्हाला यात काही वावगं वाटायचं नाही. लाईन गेली की बाहेर येऊन चहा प्यायचा.

पण त्या शहरातल्या लोकांना काय दिसायचं? पुलावर पोलीस उभे आहेत, कडक बंदोबस्त आहे, मैत्रीण कोणाला तरी दरडावते आहे, आणि अचानक आम्ही तिघंही एकदम गायब. शिट्टी अर्धवट. जीप रिकामी. उरलेला दादा बावरून जायचा आणि तोही निघून जायचा. विभागाची सगळी भरती मी एकाच कॅफेत, एकाच फीडरवर केली होती. देशाची सीमा वीज मंडळाच्या वेळापत्रकावर चालते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते सागवानवाल्या टोळीच्या डोक्यात आलं.

टोळीचा म्होरक्या कोल्हापूरचा कोणी चलाख माणूस होता. त्याने आठवडाभर नुसतं बघितलं. मग एक दिवस आमची लाईन गेली आणि त्याचे सगळे ट्रक पिंपं उडवत पुलावरून पलीकडे. चहा पिऊन आम्ही परत आलो तर पिंपं नदीत आणि पाटीवर लिहिलेलं, ‘सीमा जेवायला गेली आहे.’

मी एवढी संतापले की कीबोर्डचं एक बटण निघालं. त्यात साहेबांचा निरोप आला. महिना संपत आला आहे. विभागाबद्दल तक्रारी आहेत. एक, आपण ठरावीक वेळी सामूहिकरीत्या नाहीसे होता. दोन, आपला हवालदार एक वाहन तपासायला फार वेळ घेतो. येत्या रविवारपर्यंत एक जरी ट्रक विनातपासणी गेला तर विभाग बंद. आपण तिघं वाहतूक शाखेत परत. हवालदारांना मात्र सेवामुक्त करावं लागेल, वाहतुकीला इतका धीमा माणूस परवडणार नाही.

सेवामुक्त हा शब्द मी परत परत वाचला. वाहतूक शाखेत शिट्टी मारायला मी आनंदाने गेले असते. पण दादाला परत एकदा कोणीतरी सांगणार होतं की तू कमी पडतोस. यावेळी पट्टी वेगळी होती, एवढंच. आणि त्याला या मैदानावर आणलं होतं मी.

“तुझ्या दादाकडे लाईन केव्हा जाते?” मैत्रिणीने विचारलं.

अर्जुनीचा फीडर वेगळा होता. रविवारी आमच्याकडे दुपारी जायची, त्यांच्याकडे सकाळी. दुपारभर त्याच्या दुकानात लख्ख उजेड असणार होता. म्हणजे नाक्यावर एकट्या दादाने उभं राहायचं. मी फोन लावला.

“एकटा? मी?” तो म्हणाला. “नाई जमत वो. ते लय लोक आहेत.”

“दादा, हुकूम आहे.”

“तू लहान आहेस माह्यापेक्षा.”

“खेळात नाही.”

मागे झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. शेवटी तो म्हणाला, “बरं मॅडम.” आयुष्यात पहिल्यांदा तो मला मॅडम म्हणाला.

रविवारी दुपारी यूपीएस ओरडले आणि अंधार झाला. आम्ही तिघं खोपट्यांतून बाहेर येऊन काउंटरपाशी बसलो. भैयांनी शटर अर्धं उघडलं, वर्तमानपत्राने वारा घालू लागले आणि म्हणाले, “फोन स्पीकर पे रखो, हम भी सुनेंगे.” फोनमधून दादाच्या कीबोर्डचा आवाज येत होता. टक. मग काही नाही. मग टक.

“आले,” दादा म्हणाला. “लय ट्रक आहेत वो. मांगं दिसूनच नाई रायले किती आहेत ते.”

“पिंपं आडवी आहेत ना?”

“आहेत. पयला थांबवला. नाव विचारून रायलो.”

टक. टक. मेडिकलवाला नखं खात होता.

“तो म्हणते घाई आहे.”

“मग तू काय लिहिलंस?”

“लिहून रायलो.” टक. टक. टक. “लिहिलं. कायची घाई गा, आदी गाव सांग.”

ड्रायव्हरने गाव सांगितलं. मनाने बनवलेलं. दादाने विचारलं, त्या गावाले नदी कोणती. ड्रायव्हरने नदी बनवली. तिथं धान होते का. होते. मंग सागवान कोठचा, धानाच्या बांदीत तं पानी भरून रायते, सागवान होत नाई. ड्रायव्हर म्हणाला की त्याच्या मामाचं जंगल आहे. दादाने मामाचं नाव विचारलं, मामाला मुलं किती ते विचारलं, थोरली कोणाला दिली ते विचारलं. प्रत्येक प्रश्न तो एका बोटाने, मन लावून टाइप करत होता, आणि डोंगल तो हळूहळू पुढे पोचवत होतं. ड्रायव्हर अडकला होता. उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही, पळाला तर शहराबाहेर. आणि पूल एवढा अरुंद की पहिला ट्रक हलल्याशिवाय मागच्यांना वाट नाही.

“मांगचे हॉर्न वाजवून रायले,” दादा म्हणाला.

“वाजवू दे!” आम्ही तिघं एकदम ओरडलो.

“आता लाकडं उतरवून पायतो.”

“सगळी?”

“नेहमी सगळीच पायतो ना मी.”

मग एकेक ओंडका खाली येऊ लागला. दादाने लिहायचं, ‘एक लाकूड खाली घ्या.’ ड्रायव्हरने लिहायचं, ‘घेतो.’ दादाने लिहायचं, ‘टॉर्च मारून पायतो.’ मग पुढचं. भैया हसून हसून काउंटरवर डोकं टेकून बसले होते. मैत्रिणीची उचकी परत सुरू झाली. म्होरक्याने मागच्या ट्रकमधून लिहिलं की साहेब, हात जोडतो, लवकर करा. दादाने त्याला लिहिलं, ‘तुमीबी उतरा, चहा घ्या.’ टोळीतला एक कंटाळून खऱ्या घरी जेवायला निघून गेला. दुसऱ्याला आईने हाक मारली. फोनवर मी ऐकत होते आणि माझ्या हळूहळू ध्यानात येत होतं की दादाचा आवाज नेहमीसारखा झालाय, घरात बसून बोलतो तसा. तो एकटा उभा होता आणि त्याला मैदान आठवत नव्हतं.

पंखा फिरायला लागला तेव्हा क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग एकच पळापळ. मैत्रीण माझ्या खोपटीत घुसली, मी तिच्या. पडद्यावर पूल उगवला. पहिल्या ट्रकमधली लाकडं अजून निम्मीही उतरली नव्हती, आणि मागे उरलेली सगळी टोळी रांगेत उभी. आम्ही तिघं एकदम हवेतून उगवलो. मैत्रिणीने सगळ्यांना सरळ उभं केलं. मेडिकलवाल्याने पळवाट अडवायला जीप भरधाव आणली आणि सरळ नदीत घातली. म्होरक्याने हात वर केले आणि लिहिलं, “आम्हाला अटक करा, पण त्या हवालदाराला आवरा.”

त्या संध्याकाळी साहेबांचा निरोप आला. विभाग कायम. पुढच्या रविवारी सकाळी संचलन. मी दादाला फोन करून अभिनंदन केलं, तर तो म्हणाला, “मी काय केलं वो? मी तं नेहमीसारखाच चेक करून रायलो होतो.”

संचलनाला तो अर्जुनीहून सकाळच्या गाडीने गोंदियाला आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, भांग पाडलेला. पायात ते माळ्यावरचे बूट, पॉलिश केलेले. भैयांनी नियमाप्रमाणे बूट बाहेर काढायला लावले आणि लगेच त्यांना वाईट वाटलं, म्हणून स्वतःची गादीची खुर्ची आणून दिली. आम्ही चौघं ओळीने बसलो. पडद्यावर पुलावर अख्खं शहर जमलं होतं. नाशिकची पोरगी होती, टॅक्सीवाला पोरगा होता, जामिनावर सुटलेला म्होरक्याही होता. आम्ही चौघं पिंपांपुढे उभे, टोप्या एका रेषेत.

“सीमा गस्त विभाग, सावधान,” साहेबांनी लिहिलं. मग एकेकाचं पद वाचलं. शेवटी दादाचं, नाका प्रमुख, कायम. मग, “सॅल्यूट.”

सॅल्यूटला एक बटण होतं. आम्ही तिघांनी ते दाबलं आणि पडद्यावर तीन हात वर गेले.

दादाची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. तो उठून उभा होता. अनवाणी, टाचा जुळवलेल्या, छाती पुढे, उजवा हात कपाळाला. पडद्याकडे बघत. खोपट्यांमधून फॉर्म भरणारी पोरं माना बाहेर काढून बघू लागली. काउंटरमागे भैयाही उभे राहिले.

पडद्यावर मात्र तो तसाच होता, हात खाली सोडून. बटण कोण दाबणार?

“हवालदार?” साहेबांनी लिहिलं. थोड्या वेळाने पुन्हा, “हवालदार, सॅल्यूट कुठे आहे?”

मी कीबोर्ड जवळ ओढला आणि पहिल्यांदाच साहेबांना आमच्या बोलीत लिहिलं, “देऊन रायला साहेब. तुमाले तिकडून दिसत नाई.”